ओटिस रेडिंग: गळा उरला, साथ सुटली

अमेरिकेतल्या सोल संगीताची चर्चा हल्ली गळ्याभोवतीच फिरते. कुणाच्या आवाजात चर्चमधली आर्तता किती, कुणाचा आवाज कुठे फाटतो, याचीच मोजदाद. ओटिस रेडिंग नीट ऐकला की ही मोजदाद तोकडी वाटते.

जॉर्जियात १९४१ साली जन्मलेला आणि मेकन शहरात वाढलेला ओटिस १९६२ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत आला, तो जॉनी जेन्किन्स या गिटारवादकाची गाडी चालवत. त्या सत्राच्या शेवटी त्याला गायला मिळालं आणि ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ रेकॉर्ड झालं. स्टुडिओ म्हणजे जुनं चित्रपटगृह. जमिनीचा उतारसुद्धा तसाच ठेवलेला. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात ओटिसच्या साथीला काळे-गोरे वादक एकत्र बसत. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागा तो स्वरलिपीत लिहून देत नसे, तोंडाने गाऊन दाखवी.

१९६६ चं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ ऐका. गाणं मुळात १९३२ चं, संथ आणि गोड. ओटिस ते जवळजवळ बोलल्यासारखं सुरू करतो. मग ड्रमवादक अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर नुसती काठी टकटकत ठेवतो. लय घट्ट होत जाते, एकेक वाद्य सामील होतं, आणि शेवटी गायक शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर झुंजू लागतो. हा चढ एकट्या गळ्याचा नाही. ड्रमने वाट धरून ठेवली म्हणून त्याला एवढं बेभान होता आलं.

१० डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, विमान अपघातात तो गेला. त्याचं ‘डॉक ऑफ द बे’ हे गाणं मृत्यूनंतर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. स्टॅक्सच्या जुन्या रेकॉर्डिंगची मालकी अटलांटिक कंपनीशी झालेल्या करारातल्या कलमामुळे त्या कंपनीकडे राहिली. १९७५ मध्ये स्टॅक्सचं दिवाळं निघालं, १९८९ मध्ये इमारत पाडली गेली.

पुढे काय उरलं? २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्ट यांनी ‘ओटिस’ या गाण्यात ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’चे तुकडे वापरले. तुकडे झकास आहेत, पण तो सावकाश चढ त्यात नाही. ब्रुकलिनच्या डॅपटोन कंपनीने मात्र वादकांचा कायमचा संच बांधला. शॅरन जोन्स त्यांच्यासोबत गायली, आणि एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ या अल्बमलाही त्यातल्या वादकांची साथ लाभली. जोन्स २०१६ मध्ये गेली.

आज दमदार गळे कमी नाहीत. वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारे संच मात्र दुर्मीळ झाले आहेत. स्टॅक्सच्या जागी आता संग्रहालय आहे आणि शेजारी मुलांची संगीत अकादमी. ओटिसचा वारसा टिकायचा असेल, तर तो संग्रहालयापेक्षा या अकादमीत टिकेल.