मीठ, लोखंड आणि सात मतं

व्हिडिओ गेम या वस्तूशी माझा संबंध एरवी ‘आता पुरे, जेवायला ये’ एवढ्या एका वाक्याचा. पण मे महिन्याच्या सुटीत चिरंजीवांनी मला संगणकापुढे बसवलं आणि म्हणाले, “बाबा, हा गेम खास तुमच्यासाठी. यात मारामारी कमी आणि मीटिंगा जास्त.” मुलाला बापाची एवढी अचूक पारख असावी, याचं कौतुक करावं की काळजी, हे अजून माझं ठरलेलं नाही.

गेमचं नाव ‘ट्रायँगल स्ट्रॅटेजी’. जपानी मंडळींनी केलेला, २०२२ सालचा. नॉर्झेलिया नावाच्या खंडात तीन राज्यं. हायझांटकडे मीठ, एस्फ्रॉस्टकडे लोखंड आणि ग्लेनब्रुककडे देवाणघेवाणीच्या वाटा. मीठ आणि लोखंड यांवरून तीस वर्षांपूर्वी मोठं युद्ध होऊन गेलेलं. ड्रॅगन नाही, जादूची अंगठी नाही, भांडण चक्क वाणसामानावरून! मी बी. कॉम. असल्यामुळे मला हे फार पटलं. राज्यं तत्त्वांसाठी लढतात असं इतिहासाचे मास्तर सांगत. अर्थशास्त्राचे मास्तर तेव्हा गालातल्या गालात हसत.

आपण सेरेनोआ नावाचे तरुण सरदार. वडिलांनी नुकतीच घराण्याची सूत्रं आपल्या हाती दिलेली. लढाई बुद्धिबळासारखी, चौकोनांच्या पटावर. उंचावरून मारा केला तर फायदा, पाठीत वार केला तर जास्त फायदा. शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरलं, तर एकाने मारताच पलीकडचाही फुकटात हात धुऊन घेतो. ओल्या जमिनीवर वीज पाडता येते, गवत पेटवता येतं. हे सगळं चोख आहे. तक्रार एकच : लढाईआधीची बोलणी इतकी लांबतात, की माझा चहा दोनदा निवला.

पण गेमचा खरा जीव आहे त्या तराजूत. मोठा प्रसंग आला, की सेरेनोआ हुकूम सोडत नाही. सात साथीदार तराजूभोवती जमतात आणि एकेक मत टाकतात. पारडं झुकेल तिकडे जायचं आणि पुढची कथाही त्याच वाटेने जाते. गंमत म्हणजे सेरेनोआला स्वतःला मतच नाही! त्याने फक्त आधी एकेकाला गाठून पटवायचं. गावात हिंडून माहिती काढलेली असेल, तर चांगले मुद्दे सुचतात. तरी काही जण बधत नाहीत आणि आपला ठराव आपल्याच माणसांकडून पडतो. शूर नायक पुष्कळ पाहिले. सहकाऱ्यांची मनधरणी करणारा नायक मी प्रथमच पाहिला.

आता माझी गोष्ट. आपल्या हद्दीत रोझेल नावाच्या लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाईबंदांना हायझांट मिठाच्या सरोवरावर गुलामासारखं राबवतं. हायझांटची मागणी येते : या रोझेलांना आमच्या ताब्यात द्या. मी हिशेब केला. मूठभर माणसं एका बाजूला, अख्खी प्रजा दुसऱ्या बाजूला. सगळी माहिती गोळा केली, मुद्देसूद बोललो, कुंपणावरचे खाली उतरवले आणि चार विरुद्ध तीन असा ठराव मंजूर करून घेतला. मी खुर्चीत रेलून बसलो, तेवढ्यात भाजी निवडता निवडता सौ. म्हणाली,

“ही तुमची फौज कुठे निघाली?”

“रोझेलांना ताब्यात घ्यायला. ती तुझी फ्रेडरिका आहे ना, तिच्या आईकडचे लोक.”

“म्हणजे तुमच्या होणाऱ्या बायकोचं आजोळ! कोणी ठरवलं हे?”

“मतदान झालं.”

“तुम्ही कुठे मत दिलंत?”

“मला मत नाही.”

“मग त्या चौघांना पटवलं कोणी?”

याला उत्तर नव्हतं. भाजी निवडणं चालूच राहिलं. मी मात्र गेम बंद केला.

माझ्या मते या गेमचं मोठेपण इथे आहे. आपली प्रत्येक निवड तो तीन गुप्त खात्यांत जमा करतो : उपयुक्तता, नीती आणि स्वातंत्र्य. पहिल्या खेळात शिल्लक दाखवत नाही. ती दिसते दुसऱ्यांदा खेळताना. आयुष्यभर दुसऱ्यांची पासबुकं भरून देणाऱ्याला हे अवघड जातं, पण योग्य आहे. शिल्लक दिसत असती, तर मी माणसं सोडून आकडेच सांभाळले असते.

म्हणूनच त्यातला चौथा शेवट मला खटकतो. तीन शेवटांत काही ना काही गमवावं लागतं. चौथा सगळ्यांना सांभाळून घेणारा. तो मिळवायला नेमक्या जागी नेमक्या निवडी कराव्या लागतात, त्यामुळे बहुतेकांना तो पुनःपुन्हा खेळूनच सापडतो. इतक्या चांगल्या आमटीत शेवटी साखर घालायची गरज नव्हती.

तरीही गेम खेळावा, निदान त्या तराजूसाठी. लोकांना पटवता आलं म्हणजे आपलं बरोबर होतं असं नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर त्याने शिकवलं. त्या रात्री जेवताना आमटी अळणी लागली. मीठ मागण्याचं मात्र धाडस झालं नाही.