ब्रुनेट्टीचं पुस्तक आणि बाभळीच्या ओंडक्यावरची चिलटं

पाऊस सुरू झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या एखाद्या लाकडाच्या वखारीत जाऊन बघा. बाभळीच्या ओंडक्यांची साल सुटू लागलेली असते, खाली पांढरी बुरशी, आणि तिच्यावर काळपट, लांब पायांची चिलटं. चावत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. हेच फंगस नॅट.

यांची नावं शोधायला निघालात की हातात येतं एन्रिको ब्रुनेट्टीचं १९१२ चं 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतलं पुस्तक. माणूस संगीतकार, आणि माश्यांचा अभ्यासकही. पुस्तक नेटवर फुकट मिळतं, म्हणून आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो. मीही केली, आणि फसले.

पुस्तक वाईट नाही, हे आधी सांगते. पंखांच्या शिरा, लांब कॉक्सा, कुबडासारखं वर आलेलं वक्ष, इतपत ओळख त्यावरून आजही होते. अडचण पुढे आहे. प्रजातींच्या वर्णनात सगळा भर रंगावर: पिवळसर, तपकिरी, गडद तपकिरी. आता तुमचे नमुने अल्कोहोलमध्ये असतात आणि तिथे रंग उतरतो. मग तपकिरी कुठला आणि गडद कुठला? शिवाय बरेचसे नमुने दार्जिलिंग, सिमल्याकडचे. बालाघाटच्या कोरड्या डोंगरातलं चिलट त्या यादीत असेलच असं आपण का धरून चालतो?

मी तेच धरलं. वर्णन 'जवळपास' जुळलं आणि पोस्टरवर सियारा वंशातल्या प्रजातीचं नाव छापून मोकळी झाले. त्या काळी या गटातलं जवळजवळ सगळं सियारामध्येच टाकत. पुढे त्याचे कितीतरी वंश झाले, ब्रॅडिसिया त्यातलाच, आणि सियारिडी हे वेगळं कुळ मानलं गेलं. एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "नराचं जननांग बघितलंत का?" माझ्याकडे तर दोन माद्या होत्या!

तर तुम्ही असं करा. मायक्रोस्कोपखाली आधी डोळे बघा. शृंगिकांच्या वर दोन्ही डोळे पुलासारखे जोडलेले असतील तर सियारिडीची शक्यता. पण थांबा, हा पूल गॉल मिजमध्येही असतो. म्हणून नडगीचं टोक बघा: सियारिडीत तिथे काटे असतात, गॉल मिजमध्ये नसतात. पूल नाही आणि काटे चांगले मोठे, तर मायसेटोफिलिडीकडे वळा. प्रजातीसाठी नर हवाच. पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक करून जननांग तपासावं लागतं.

आणखी एक गोष्ट, जी १९१२ च्या पुस्तकात शोधू नका. ओंडक्यावर बसलेलं चिलट त्याच ओंडक्यात वाढलं असं नसतं. सालीचा तुकडा बुरशीसकट बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, ओल टिकवा. काळ्या चकचकीत डोक्याच्या, काचेसारख्या अळ्या दिसतील. त्यातून जे बाहेर पडेल त्याच्याच लेबलवर 'बाभूळ' लिहा.

माझ्या त्या दोन माद्यांचं लेबल मी बदललंय. आता त्यावर आहे: सियारिडी, वंश अनिश्चित, मादी, बाभळीच्या ओंडक्यावर बसलेली.