‘अ स्टार इज बॉर्न’ (१९५४) : अपरिचित गायिकेचा उदय आणि नावाचा प्रश्न

प्रस्तावना

अपरिचित कलावतीचा उदय आणि त्याला जोडून येणारी प्रेमकथा हा हॉलिवूडचा जुना व यशस्वी कथाबंध आहे. १९३७ साली विल्यम वेलमन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अ स्टार इज बॉर्न’ या चित्रपटाची नायिका अभिनेत्री होऊ पाहणारी खेड्यातील मुलगी होती. १९५४ साली जॉर्ज क्यूकर यांनी मॉस हार्ट यांच्या पटकथेवरून त्याच नावाचा संगीतप्रधान चित्रपट केला, तेव्हा ती वाद्यवृंदातील गायिका झाली. या चित्रपटाकडे अस्ताला जाणाऱ्या नायकाची शोकांतिका म्हणून पाहिले जाते आणि ते चुकीचे नाही. तथापि नायिकेला मिळत गेलेल्या नावांचा मागोवा घेतल्यास तिच्या यशाचे वेगळे स्वरूप लक्षात येते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

चेहरा आणि नाव

एस्थर ब्लॉजेट (जुडी गारलँड) ही नॉर्मन मेन (जेम्स मेसन) या मद्यासक्त नटाची रंगमंचावर होऊ घातलेली फजिती सावरून घेते. पुढे रात्री उशिरा एका रिकाम्या क्लबात, केवळ सहकारी वादकांसाठी गाताना नॉर्मन तिला ऐकतो. तिच्या कलेची ओळख येथे पटते. ही ओळख कोणत्याही प्रसिद्धीच्या आधीची आहे, हे महत्त्वाचे होय.

स्टुडिओत प्रवेश होताच मात्र गोष्ट उलटी घडते. रंगभूषाकार तिच्या चेहऱ्यातील दोष मोजतात आणि तिला असे काही रंगवतात की नॉर्मनलाही ती ओळखू येत नाही. तो स्वतः तो रंग पुसून तिचा मूळ चेहरा परत आणतो. चेहरा असा वाचतो, नाव मात्र वाचत नाही. आपण आता ‘व्हिकी लेस्टर’ झालो आहोत हे तिला पगाराच्या खिडकीपाशी समजते. तिचे नाव तिला न विचारता बदलले गेले आहे आणि ते सांगायलाही कोणी आलेले नाही.

याच नावाने पुढे नॉर्मनला घायाळ केले आहे. काम गेलेला नॉर्मन घरी असताना त्याला ‘मिस्टर लेस्टर’ म्हणून संबोधले जाते. जे नाव मुळात तिचेही नव्हते, ते त्याच्या पुरुषी अहंकारावर आघात करते, हा यातील विरोधाभास होय.

कातरलेला संघर्ष

चित्रपटाच्या बाह्य इतिहासातही हाच प्रश्न दिसतो. १९५४ साली प्रथम दाखवला गेला तेव्हा हा चित्रपट १८१ मिनिटांचा होता. प्रदर्शनानंतर वॉर्नर ब्रदर्सने तो १५४ मिनिटांवर आणला. गळालेल्या भागात एस्थरच्या हलाखीच्या दिवसांची दृश्ये होती : नॉर्मनचा संपर्क तुटल्यावर तिने उपाहारगृहात केलेली चाकरी, जाहिरातीतील बाहुलीला दिलेला आवाज. याउलट ‘बॉर्न इन अ ट्रंक’ ही दीर्घ गीतमालिका कायम राहिली. तिच्यात एका गायिकेचा संघर्ष आणि उदय नृत्यगीतांतून सजवून मांडलेला आहे. म्हणजेच कथेतील खरी धडपड कापली गेली आणि धडपडीचे नाट्यरूप तेवढे उरले. १९८३ साली रोनाल्ड हेव्हर यांच्या प्रयत्नांतून सुमारे १७६ मिनिटांची आवृत्ती सिद्ध झाली. काही ठिकाणी चलत्‌चित्र न सापडल्याने मूळ ध्वनीबरोबर स्थिरचित्रे जोडावी लागली. एस्थरच्या अपरिचित काळातील काही क्षण आज असे गोठलेल्या रूपातच पाहावे लागतात.

शेवटचे नाव

पत्नी आपल्यासाठी कारकीर्द सोडणार हे कानी पडल्यावर नॉर्मन समुद्रात देह टाकतो. त्यानंतर ज्या सभागृहात दोघांची प्रथम गाठ पडली, तेथेच ती स्वतःची ओळख नॉर्मन मेनची पत्नी म्हणून करून देते. हा शेवट पत्नीधर्माचा गौरव मानला जातो. परंतु विवाहप्रसंगी नॉर्मनचेही खरे नाव निराळे असल्याचे उघड झालेले असते. म्हणजे ती जे नाव धारण करते तेही पडद्याने घडवलेले नाव आहे. एस्थर ब्लॉजेट मात्र कोठेच परत येत नाही. गारलँड यांचे जन्मनाव फ्रान्सिस गम होते, हे आठवले की या भूमिकेतील आर्तता अधिक जाणवते.

नंतरच्या रूपांतरांनी हा शेवट बदलत नेला. १९७६ च्या चित्रपटात नायिका स्वतःच्या आडनावापुढे पतीचे आडनाव जोडते. २०१८ मध्ये ती आपले पहिले नाव राखून ‘मेन’ लावते. याच कथाबंधावर आधारलेल्या ‘आशिकी २’ (२०१३) या हिंदी चित्रपटात गोव्यातील एका बारमध्ये गाणारी आरोही शिर्के अखेरीस ‘आरोही राहुल जयकर’ अशी स्वाक्षरी करते. विवाह झालेला नसतानाही ती मराठी प्रथेप्रमाणे पूर्ण नाव लिहिते. तबकातील तांदळावर वधूचे नवे नाव लिहिण्याची रीत माहीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला या स्वाक्षरीचा अर्थ सांगावा लागत नाही. येथे ‘आरोही’ टिकते, ‘शिर्के’ जाते.

निष्कर्ष

१. १९५४ च्या चित्रपटात स्टुडिओ आणि विवाह या दोन्ही संस्था नायिकेला नवे नाव देतात. मात्र एक नाव न विचारता लादलेले, तर दुसरे तिने स्वेच्छेने घेतलेले आहे. हा भेद नाकारता येत नाही.

२. तरीही प्रेम व कीर्ती यांपैकी कोणतीही गोष्ट तिला तिचे मूळ नाव परत देत नाही.

३. नायिकेचा खरा उत्कर्षबिंदू पारितोषिक सोहळ्यात नसून रिकाम्या क्लबातील त्या गाण्यात आहे. तेथे ती कोणाचीही निर्मिती नाही आणि कोणाची पत्नीही नाही. ती केवळ गात आहे.