न सापडलेल्याची प्रार्थना

रॉक संगीताचे नाव काढताच आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. कर्कश वाद्ये, बेताल जीवन आणि देवाधर्माची हेटाळणी असे एक समीकरण मनात घट्ट बसलेले असते. त्यात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आयर्लंडमधील ‘यू टू’ या वाद्यवृंदाचे दोन माहितीपट आणि त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका या समीकरणात बसत नाहीत. चाहत्यांनी चार दशकांहून अधिक काळ या चौघांवर जे प्रेम केले, त्याचे मर्म शोधू गेल्यास ते श्रद्धा आणि संशय यांच्या सीमेवर सापडते, असे आम्हांस वाटते.

१९७६ साली डब्लिनमधील माउंट टेंपल शाळेच्या सूचनाफलकावर लॅरी मलन या विद्यार्थ्याने वादक हवे असल्याची चिठ्ठी लावली. त्यातून पुढे बोनो, एज, ॲडम क्लेटन आणि स्वतः लॅरी हे चौघे एकत्र आले. बोनोचे वडील कॅथलिक, तर आई प्रॉटेस्टंट. त्या काळी उत्तर आयर्लंडात याच दोन पंथांच्या नावाने रक्त सांडत होते. ॲडम वगळता तिघे तारुण्यात ‘शालोम’ नावाच्या प्रार्थनागटात जात. रॉक संगीत आणि ख्रिस्ती जीवन एकत्र नांदू शकते काय, या प्रश्नाने त्यांना इतके छळले की ‘ऑक्टोबर’ (१९८१) या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारास वाद्यवृंद मोडण्याची वेळ आली. तिचे पहिलेच गीत ‘ग्लोरिया’. त्याच्या ध्रुवपदात लॅटिन शब्द आहेत. ‘वॉर’ (१९८३) या ध्वनिमुद्रिकेचे अखेरचे गीत चाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले आहे. मैफलीच्या शेवटी हे गीत सुरू असता वादक एकेक करून मंचावरून निघून जात आणि श्रोते मात्र गातच राहत. प्राचीन इस्राएलचे स्तोत्र असे क्रीडांगणांतून दुमदुमले, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

‘द जोशुआ ट्री’ (१९८७) ही त्यांची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रिका. अमेरिकेच्या वाळवंटातील ज्या झाडाचे नाव तिला मिळाले, त्याच्या वर उचललेल्या फांद्यांत प्रवाशांना प्रार्थना करणारा यहोशवा दिसला, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील एका गीताने काही भाविकांना बुचकळ्यात टाकले. गायक ख्रिस्ताच्या क्रुसावरील आपला विश्वास प्रकट करतो आणि तरीही, आपण जे शोधतो आहोत ते अजून गवसलेले नाही, असे म्हणतो. हा विश्वासाचा अभाव नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर फिल जोआनू यांच्या ‘रॅटल अँड हम’ (१९८८) या माहितीपटात मिळते. न्यूयॉर्कमधील हार्लेमच्या एका चर्चमध्ये कृष्णवर्णीय गायकवृंद तेच गीत गॉस्पेल शैलीत गातो. शब्द तेच, परंतु ज्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरी भोगली त्यांच्या कंठातून ते आले की तक्रारीची आळवणी होते. स्तोत्रकर्तेही देवाला असेच जाब विचारतात. शोध संपला नाही म्हणणारा माणूस शोध सोडून गेलेला नसतो, हे तो गायकवृंद एकही शब्द न बदलता पटवून देतो.

याच चित्रपटात ८ नोव्हेंबर १९८७ची डेन्व्हर येथील मैफल आहे. त्याच दिवशी उत्तर आयर्लंडातील एनिस्किलन येथे युद्धस्मृतिदिनाच्या कार्यक्रमात बॉम्बस्फोट होऊन ११ जण ठार झाले होते. गीत मध्येच थांबवून बोनो आपल्याच देशबांधवांच्या हिंसाचाराचा संतप्त धिक्कार करतो. तो क्षण अस्सल आहे. सगळा चित्रपट मात्र तसा नाही. अमेरिकन संगीताच्या थोर पुरुषांच्या पंक्तीत आपणही बसलो आहोत, असा भाव त्यात वारंवार डोकावतो. टीकाकारांनी त्यावर कठोर झोड उठवली, आणि ती अनाठायी नव्हती.

डेव्हिस गुगनहाइम यांचा ‘फ्रॉम द स्काय डाऊन’ (२०११) नेमका या आत्मतुष्टीनंतरच्या पडझडीविषयी आहे. ३ ऑक्टोबर १९९० रोजी, जर्मनीच्या एकीकरणाच्या दिवशी, हे चौघे बर्लिनला पोहोचले. आणि एका देशाची दोन शकले जुळत असता त्यांची स्वतःची मैत्री तुटू लागली. बोनो आणि एज यांना नवे ताल हवे होते; ॲडम आणि लॅरी यांना ती वाट पटत नव्हती. जुन्या ध्वनिफिती ऐकवत चित्रपट दाखवतो की, दुसऱ्याच गीतावर अडखळत काम चालले असता ‘वन’ या गीताचे सूर हाती लागले आणि त्यातून ‘आख्टुंग बेबी’ (१९९१) उभी राहिली. हे गीत अनेक जण विवाहप्रसंगी वाजवतात. वस्तुतः ते दुरावलेल्या माणसांचे गीत आहे. सारखे नसतानाही परस्परांचा भार वाहणे, ही त्यातील एकतेची कल्पना संत पौलाने गलतीकरांस केलेल्या उपदेशाच्या जवळची आहे. हा चित्रपट त्या ध्वनिमुद्रिकेच्या विसाव्या वर्षानिमित्त निघाला, त्यामुळे अडचणीचे प्रश्न तो फारसे विचारत नाही. तरीही कलावंतांची असहायता तो लपवत नाही, म्हणून आम्हांस तो पहिल्याहून सरस वाटतो.

१५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत या वाद्यवृंदाने ‘द जोशुआ ट्री’ची सर्व गीते सादर केली. न गवसल्याचे ते गीत त्या दिवशी महाराष्ट्राच्या भूमीवर गायिले गेले.

मिस्साला येऊन मागच्या बाकावर गप्प बसणारी तरुण मुले आज प्रत्येक धर्मग्रामात आहेत. त्यांचे मौन म्हणजे अश्रद्धाच, असा निवाडा आपण फार लवकर देतो. त्या मौनात कदाचित एखादे स्तोत्र शब्दांची वाट पाहत असेल. हार्लेमच्या गायकवृंदाला संशयाचे गीत चर्चमध्ये गाताना संकोच वाटला नाही. आपल्या गायकवृंदांनी आणि पालकांनी तो प्रसंग एकदा अवश्य पाहावा.