शनिवारच्या रात्रीचा हिशेब

'सॅटर्डे नाइट फीव्हर' म्हटलं की लोकांना जॉन ट्रॅव्होल्टाचा पांढरा सूट आठवतो. एक हात आभाळाकडं, कंबर वाकडी. पोस्टर पाह्यलं म्हणजे सिनेमा पाह्यला, असं समजणारे पुष्कळ. माझं म्हणणं सरळ आहे. हा नुस्ता नाचाचा सिनेमा नव्हे. जॉन बॅडमचा हा १९७७ चा सिनेमा आठवडाभर मान खाली घालून राबणाऱ्या आणि एका रात्रीपुरतं राजा होणाऱ्या पोरांचा आहे. आणि राजा व्हायचं तर पायाखाली कुणीतरी लागतंच.

टोनी मॅनेरो हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला इटालियन पोरगा. रंगाच्या दुकानात नोकर. बाप बांधकामावरचा कामगार, आता बेकार. आईचा जीव पाद्री झालेल्या थोरल्यात. शनिवारी डिस्कोत मात्र सगळे बाजूला सरतात, फरशी त्याची होते.

या सुखाची किंमत कोण मोजतं, ते सिनेमा दाखवतो. टोनीच्या टोळीला पोर्तो रिकन पोरं डोळ्यासमोर नकोत. दोस्ताला कुणी मारलं म्हणून त्यांच्या अड्ड्यावर गाडी घालतात, हाणामारी करतात. नंतर दवाखान्यातला दोस्त म्हणतो, तेच होते का, नक्की नाही! खालच्याला मारायला पुरावा कशाला लागतो? उतरंड सगळीकडं सारखीच.

मग नाचाची स्पर्धा. पोर्तो रिकन जोडी सरस नाचते, पहिला नंबर टोनीला मिळतो. परीक्षक आपलेच, प्रेक्षक आपलेच. टोनीला ते कळतं, तो बक्षीस त्या जोडीच्या हाती देतो. लोक इथं टाळ्या वाजवतात. मी नाही वाजवल्या. परीक्षक तेच राहिले, क्लब तोच राहिला. हक्क दान म्हणून हातात पडला की दाता तेवढा मोठा होतो. ती जोडी राहते कुठं, पोट कशावर भरते? सिनेमा विचारत नाही.

त्याच रात्री हा दाता गाडीत स्टेफनीवर जबरदस्ती करू बघतो. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या ॲनेटवर त्याचे दोस्त मागच्या सीटवर अत्याचार करतात, आणि टोनी वर तिलाच बोल लावतो. पुढं बॉबी पुलावरून पडून मरतो. त्यानंतर कॅमेरा टोनीच्या मागं जातो, त्याच्या पश्चात्तापाला भरपूर वेळ देतो. ॲनेटचं काय झालं? तिला एक दृश्यही नाही. अंधार दाखवायचा धीर या सिनेमात आहे, अंधारात सापडलेल्या बाईबरोबर थांबायचा नाही.

अजून एक. हा सिनेमा निक कोन या ब्रिटिश लेखकाच्या १९७६ च्या लेखावरून काढला. लेख खराखुरा वृत्तांत म्हणून छापला होता. पुढं १९९० च्या दशकात कोनने कबूल केलं, बराचसा मनानं रचला होता. म्हणजे कामगार पोरांचं जगणं बाहेरच्यानं कल्पनेनं लिहिलं आणि जगानं ते खरं मानलं! आपलं आपण लिहायचं का, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि डिस्को मुळात कुणाचा? न्यूयॉर्कच्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांचा. सिनेमात काळ्या गायकांची गाणी वाजतात, पण नायक गोरा आणि गाजलेली गाणी बी जीज या गोऱ्या भावांची. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर जमावासमोर डिस्कोच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या. त्या ढिगात डिस्को नसलेल्या काळ्या गायकांच्या तबकड्याही होत्या, असं तिथं काम करणाऱ्या एका काळ्या पोरानं पुढं सांगितलं. नाच घेतला, नाचणारे नको झाले.

तरी सिनेमा बघा. ट्रॅव्होल्टा जीव ओतून करतो, खोटं गोड बोलत नाही. फक्त बघताना नजर फरशीच्या मध्यावरून काढा. कडेला कोण उभं केलंय, ते बघा.