राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि दूरचित्रवाणीचे विश्वस्त

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला दोन आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. नेमक्या त्याच दिवसांत, ५ ऑगस्टला, ३७० कलमाचा प्रस्ताव संसदेत आला आणि ६ तारखेच्या रात्री सुषमा स्वराज गेल्या. देशाचे कॅमेरे कुठे वळले होते हे सांगायला नको. त्या बातम्या मोठ्याच होत्या, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला पडलेला प्रश्न असा की शुक्रवार पेठेतल्या माणसाला पुढच्या सहा तासांत पाणी कुठवर चढेल हे सांगणे कोणत्या वाहिनीचे कर्तव्य होते? सौजन्य म्हणून अनेकांनी सांगितले. कर्तव्य म्हणून कोण बांधील होते?

याचे उत्तर शोधायला मी कायदे वाचू लागलो. मी कायद्याचा पदवीधर नाही. कायदा मी कादंबरीसारखा वाचतो: कोण बोलतो, कोणाला उद्देशून बोलतो, आणि पहिल्या प्रकरणात वाजतगाजत आलेले कोणते पात्र पुढे दिसेनासे होते. प्रसारभारतीच्या १९९० च्या कायद्यात असे एक पात्र आहे.

हा कायदा वाचनीय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. बाराव्या कलमात लोकप्रसारकाची कामे आहेत: माहिती, शिक्षण, मनोरंजन ही जुनी त्रयी, आणि पुढे नागरिकाला सत्य व निःपक्षपाती माहिती मिळण्याचा हक्क जपणे, शेती व ग्रामीण विकासाकडे विशेष लक्ष देणे, निरनिराळ्या प्रदेशांच्या भाषा-संस्कृतींना पुरेशी जागा देणे. कुणाचेही दुमत होऊ नये अशी ही यादी आहे. मात्र कर्तव्य लिहून ठेवणे निराळे आणि ते चुकले तर कुणाच्या दारात जायचे हे लिहिणे निराळे. ते दार चौदाव्या कलमात आहे. प्रसारण परिषद नावाची संस्था तिथे येते: एक अध्यक्ष, सार्वजनिक जीवनातले दहा मान्यवर, चार खासदार. कार्यक्रम कायद्याच्या उद्दिष्टांशी विसंगत आहे अशी तक्रार कोणत्याही व्यक्तीने करावी आणि परिषदेने ती ऐकावी. एवढेच नव्हे, परिषदेला गरजेप्रमाणे प्रादेशिक परिषदाही नेमता येतात. तेराव्या कलमात बावीस खासदारांची देखरेख समिती आहे, पंधरा लोकसभेचे, सात राज्यसभेचे.

कायदा १९९० साली झाला. अमलात यायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडला. महामंडळ बसले. संसदीय समिती आणि प्रसारण परिषद मात्र कधी बसल्याच नाहीत. सॅम पित्रोदा समितीने २०१४ साली प्रसारभारतीचा फेरविचार केला तेव्हाही लोकांना उत्तर देणारी यंत्रणा कागदावरच होती. घर बांधले, पाटी लावली, दरवाजा तेवढा बसवायचा राहिला.

हे निव्वळ दुर्लक्षाने झाले असे मला वाटत नाही. बी. जी. व्हर्गिस यांच्या गटाने १९७८ साली 'आकाश भारती' या नावाने विश्वस्त मंडळाची कल्पना मांडली होती. सरकारच्या मालकीची नव्हे, लोकांच्या वतीने सांभाळलेली ठेव, असा तिचा गाभा. १९७९ च्या विधेयकातच तो पातळ झाला आणि ते विधेयकही बारगळले. पुढच्या प्रत्येक मसुद्यात 'स्वायत्त' हा शब्द टिकला आणि पैसा, नेमणूक, नियम यांच्या चाव्या दिल्लीत राहिल्या. तेविसाव्या कलमाने केंद्राला निर्देश देण्याचा अधिकार ठेवला आहे.

प्रेक्षक या व्यवहारातून कधी बाहेर पडला, याचा माग घेतला तर ऐंशीच्या दशकापर्यंत जावे लागते. तोवर रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचाला परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, परवान्याच्या पुस्तकावर शिक्का घ्यायचा. माझ्या पिढीला ते पुस्तक आठवत असेल. दशकाच्या मध्यावर ही पद्धत गेली आणि लोकांना हायसे वाटले, मलाही वाटले. पण त्या शिक्क्याने पाहणारा हा खातेदार होता. त्यानंतर दूरदर्शनच्या तिजोरीत सरकारचे अनुदान आले आणि जाहिरातदाराचा पैसा आला. दोघांनाही विचारणारे लोक असतात. पाहणाऱ्याला कुणी विचारत नाही, कारण तो आता काही भरत नाही. वस्तुतः तो भरतोच, केबलवाल्याला. २०१९ च्या दररचनेत पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये आणि वर कर होता, आणि त्या शंभरात दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्याही धरलेल्या होत्या. म्हणजे लोकवाहिनी पाहण्याचे भाडे खासगी माणसाला!

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्याला दिसू लागले. त्या केंद्राच्या सुरुवातीच्या काळाबद्दल मराठीत बरेच गहिवरून लिहिले गेले आहे, ते वाढवण्यात मला रस नाही. एक गोष्ट मात्र संशोधकाच्या नजरेतून सुटू नये. आकाशानंद यांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमाभोवती गावोगावी मंडळे उभी राहिली. कार्यक्रम पाहणारे एकत्र बसत, पत्रे लिहीत, आपल्या गावात काहीतरी हाती घेत. कायद्याने त्यांना कवडीचा अधिकार नव्हता. तरीही दूरचित्रवाणीच्या कारभारात संघटित मराठी प्रेक्षक दिसतो तो इथेच. चौदाव्या कलमातल्या प्रादेशिक परिषदांचा कच्चा नमुना या मंडळांत होता. निर्मात्याच्या उत्साहावर उभे राहिलेले काम निर्मात्याबरोबर ओसरते, तसे ते ओसरले.

आता व्यापारी वाहिन्यांकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आली आणि त्यानंतर मराठी घरातली संध्याकाळ बदलली. मालिकांची टिंगल करणे हा दिवाळी अंकांचा आवडता फराळ आहे. मी तो वाढणार नाही. 'तुझ्यात जीव रंगला'ने वसगडे गावाला आणि कोल्हापुरी बोलीला जी ओळख दिली, ती कोणत्याही सरकारी योजनेने दिलेली नाही. माझा आक्षेप कारभारावर आहे.

न्या. पी. बी. सावंत यांनी ९ फेब्रुवारी १९९५ च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या निकालात सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्या नियमनासाठी समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेले स्वतंत्र प्राधिकरण सरकारने उभे करावे. एका मराठी न्यायमूर्तींचा हा निकाल आपल्याकडे क्रिकेटचा खटला म्हणूनच लक्षात राहिला. ते प्राधिकरण आजवर आलेले नाही. आले ते तुकड्या-तुकड्यांनी: २००४ पासून दर आणि जोडणी ट्रायकडे, मजकुराच्या तक्रारी वाहिन्यांच्याच संघटनांनी नेमलेल्या मंडळांकडे, परवाने मंत्रालयाकडे. वृत्तवाहिन्यांच्या अशा मंडळाचा जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो अपुरा असल्याचे म्हटले. दहा सेकंदांच्या जाहिरातीच्या हिशेबात बसणारी ही शिक्षा आहे.

नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खासगी वाहिन्यांवर रोज तीस मिनिटे लोकहिताच्या कार्यक्रमांचे बंधन घातले. साक्षरता, शेती, आरोग्य, विज्ञान, स्त्रिया, दुर्बल घटक, पर्यावरण व वारसा, राष्ट्रीय एकात्मता, असे आठ विषय. तीस मिनिटे सलग लागत नाहीत, तुकड्यांत चालतात. अहवाल वाहिनीने स्वतःच मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा. मालिकेतल्या सुनेने बाळाला लस टोचून घेतली की आरोग्याची मिनिटे मोजली जाऊ शकतात. यादीत आपत्ती नाही. जिल्हा नाही. भाषासुद्धा नाही.

याउलट क्रिकेटकडे पाहा. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्याचे प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसारभारतीला द्यावेच लागते, जाहिरातीचे उत्पन्न ७५-२५ असे वाटून. म्हणजे खासगी वाहिनीच्या हातातली गोष्ट लोकांसाठी काढून घेता येते, हे राज्यसंस्थेला कळते आणि जमतेही. पुराच्या बाबतीत काय आहे? आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ६७ व्या कलमात जिल्हा प्राधिकरण माध्यमांना इशारे प्रसारित करायला लावण्याची शिफारस सरकारकडे करू शकते, फक्त शिफारस. निर्देश वरून यायचा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात; फाइल तशी उघडत नाही.

मग २०१९ आणि २०२१ च्या पुरात बंधाऱ्याची पातळी पडद्यावर सतत कुणी फिरवली? आपल्या शहरातल्या केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांनी. याच वाहिन्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल दाखवतात, दसरा चौकातले सोने लुटणे दाखवतात, अंबाबाईचा किरणोत्सव दाखवतात. लोकप्रसारकाचे बारावे कलम कोल्हापुरात कुणी पाळत असेल तर ते हेच लोक, आणि कायद्याच्या लेखी त्यांना नावही धड नव्हते. २०२२ मध्ये केबल वितरकाच्या अशा वाहिन्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' ठरवले गेले: एकूण वाहिन्यांच्या पाच टक्के मर्यादा, प्रत्येक जिल्ह्यासाठी आणखी दोन, नोंदणी एक हजार रुपये, बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी हवी. जिल्हा हे एकक प्रसारणाच्या नियमांत इतक्या स्पष्टपणे मला इथेच सापडले, आणि तेही सेवेचे कर्तव्य म्हणून नाही, मर्यादा म्हणून.

या वाहिन्यांचे मी गुणगान गात नाही. जिल्ह्याच्या राजकारणात केबलचे जाळे ज्याच्या हाती, त्याच्या हाती गल्ली, हे इथल्या कुणाला शिकवावे लागत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत पडद्यावर कोण जास्त दिसतो, हे प्रेक्षक आपापल्या परीने ओळखतो आणि सोडून देतो. तक्रार करायची तर सोय अशी की पहिली पायरी त्या वाहिनीचाच अधिकारी.

तोल कुठे असावा यासाठी मला जर्मनीतले एक उदाहरण उपयोगी वाटते. तिथल्या घटना न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीच्या मंडळांबद्दल निकाल दिला: सरकार आणि राजकीय पक्षांशी जोडलेले सदस्य एक तृतीयांशाहून अधिक नकोत. उरलेल्या जागा समाजातल्या वेगवेगळ्या गटांच्या. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ च्या प्रसारण सेवा विधेयकाच्या मसुद्यात जी सल्लागार परिषद होती, तिच्यात एक अध्यक्ष, पाच सरकारी अधिकारी आणि पाच मान्यवर, तेही केंद्रानेच नेमायचे. पुढचा मसुदा जुलै २०२४ मध्ये निवडक लोकांना दिला गेला आणि ऑगस्टमध्ये परत घेतला गेला.

नव्या विधेयकाची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही. प्रसारण परिषद १९९० च्या कायद्यातच आहे, हवी ती नेमणूक. तिला प्रादेशिक परिषदा नेमता येतात, आणि विभाग कसे पाडायचे यावर कायद्याने तिचे हात बांधलेले नाहीत. तशी वेळ आलीच तर मुंबई-पुण्याच्या शेपटाला कोल्हापूर जोडू नये. कृष्णा-पंचगंगेचे खोरे हाच विभाग धरावा. निपाणी-चिक्कोडीतला मराठी माणूस 'सह्याद्री' पाहतो, पण प्रशासनाच्या नकाशावर तो बेंगळुरूचा. आलमट्टीतून विसर्ग किती चालला आहे हे नृसिंहवाडी-शिरोळला हवे असते आणि आकडा कर्नाटकात असतो. अशा परिषदेपुढे पहिला अर्ज कसला यावा हेही मी ठरवून ठेवले आहे: जून ते सप्टेंबर, दर तासाला, राजाराम बंधारा, राधानगरी, आलमट्टी, मराठीत आणि कन्नडमध्ये, 'सह्याद्री'च्या पडद्याच्या खालच्या पट्टीवर आणि सांगलीच्या आकाशवाणीवर. वीज गेली की पडदा बंद होतो, आणि सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर तेवढा उरतो.