लंपनचा भ्रम नक्की कुठे तुटतो?

कुमारवयातल्या भ्रमनिरासावर काम करायचं ठरवलं की पहिला मोह होतो, मुलगा ज्या क्षणी मोठा झाला तो प्रसंग शोधण्याचा. प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांत तो हाती लागत नाही. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', चार संग्रह झाले तरी लंपन शहाणा झाल्याचं कुणी जाहीर करत नाही. कादंबरीसाठी घडलेली 'बिल्डुंग्सरोमान'ची चौकट म्हणून इथे जशीच्या तशी लावू नका. हा मुलगा दोन कथांमधल्या मोकळ्या जागेत वाढतो.

आपल्याकडचं, आरवलीच्या जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) शेजारी ठेवून बघा. तिथला निवेदक मोठेपणी मागे वळून गाव आठवतो, म्हणून त्याला हसता येतं. लंपनला ती सोय नाही. आईबाबांना सोडून आजी-आजोबांकडे का राहायचं, हे त्याला पुरतं उमगत नाही, आपल्याला उमगतं. सुमीबद्दल जे वाटतं त्यालाही तो नाव देत नाही. भ्रम आधी तुटतो तो वाचकाचा, असं माझं म्हणणं आहे.

आणि ते त्याचं 'एकोणीसशे वेळा', 'म्याडसारखं'? गोड लकब म्हणून सोडून देऊ नका. जे सांगता येत नाही, ते तो आकड्यांत कोंबतो. बाबा जातात तिथे हे आकडे टिकतात का, पेन्सिल घेऊन बघा. एक प्रकरण तिथेच निघेल.